गोणपाटाचा मोर

फार फार वर्षांपूर्वी, कॉफीच्या बागांनी वेढलेल्या एका डोंगरी राज्यात लिंबाजी नावाचा कारागीर राहायचा. वखारीतून टाकून दिलेल्या कॉफीच्या गोण्या तो आणायचा, धुवायचा, रंगवायचा आणि कापून-शिवून त्यांची भिंतीवर लावायची चित्रं करायचा. हातात कला होती, यात वादच नाही. पण तोंड? त्या तोंडाला 'मी'शिवाय दुसरा शब्दच ठाऊक नव्हता!

यंदा त्याने मोर केला होता. राजाला तो आवडला, तर 'राजशिल्पी' हा किताब मिळणार होता. वीस वर्षं लिंबाजी त्या किताबासाठी झुरत होता.

भर दरबारात राजा मोराजवळ गेला. त्याचं बोट मोराच्या छातीवर थांबलं. तिथे जुन्या गोणीवरचं एक रफू होतं, इतकं देखणं की लिंबाजीने ते तसंच ठेवलं होतं.

"वा! हे टाके कुणाचे?"

"माझेच, महाराज! दुसऱ्या कुणाची प्राज्ञा?"

राजा खूश झाला. त्याने हात मागे घेतला, तोच चर्रर्र! अंगठीत धागा अडकला आणि मोराची छाती वीतभर फाटली. दरबार हबकला. राजाही ओशाळला.

"अरेरे! पण तू आहेस म्हणा. घाल बरं तसेच टाके, इथंच."

 अहो, लिंबाजीला रफू येतच नव्हतं! त्याने दाभण हातात घेतला. एक टाका घातला, तर कापड गोळा झालं. दुसरा घातला, तर भोक वाढलं.

तेवढ्यात चित्र वाहून आणणाऱ्या हमालांमधून एक म्हातारी पुढे आली. ती तानूबाई. वखारीत फाटक्या गोण्या सांधायचं काम तिचं.

"सर बाबा बाजूला," ती म्हणाली. "माझंच रफू आहे ते. कॉफीचा दाणा सांडू नये म्हणून घातलेलं."

तिच्या बोलण्यात ना राग, ना टोमणा. तिने तिथेच बसकण मारली आणि बघता बघता कापड असं सांधलं, की फाटलं होतं कुठे तेच कळेना. दरबाराने तोंडात बोटं घातली. 

"लिंबाजी," राजा म्हणाला, "खरं बोलला असतास, तर किताब तुझाच होता. आता यातलं तुझं काय, हे मी कसं ओळखू?"

"महाराज, रंग माझा, कापणी माझी, मोर माझा!" लिंबाजी कळवळून ओरडला.

ते अगदी खरं होतं. पण कुणाचाच विश्वास बसेना.

मोर दरबाराच्या भिंतीवर लागला. खाली पाटीवर लिहिलं, 'रफू तानूबाईचं.' मोर कुणाचा, ते कुणी लिहिलंच नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याचं श्रेय लाटणाऱ्याचं स्वतःचं श्रेयही जातं.