पडद्याआडचा घास

पौष शुद्ध षष्ठी. पहाटे दाट धुके; पहिल्या प्रहरानंतर लख्ख ऊन, वारा उत्तरेचा.

एका राज्यात त्या दिवशी बाळराजांचे उष्टावण होते. मामा जयधीर यांनी सोन्याच्या अंगठीने खीर बाळाच्या ओठांना लावली, आणि खिरीची वाळू झाली. दुसरी खीर आली. तिचीही वाळू झाली. मऊ भात आणला, त्याचीही. बाळाने तोंड मिटून घेतले.

राणी इरावतींचे दूध आटत चालले होते. बाळाच्या हातातली बिंदली आता मनगटावर ठरत नव्हती, कोपरापर्यंत सरकत होती.

खिडकीत एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "वाळू झाडून काय होणार, मामासाहेब? शाप ज्याने दिला त्याला विचारा. पागोटे घट्ट बांधा, सुळक्यावर वारा फार."

साळुंकी पुढे, घोडा मागे, असे ते निघाले.

सुळक्यावर म्हातारा मांत्रिक धूम्रकेश बसला होता. त्याच्या बरगड्यांमधून पलीकडचे आकाश दिसत होते.

"बाळ उपाशी आहे," मामा म्हणाले.

"मीही आहे. दरीतून तांदूळ आणा, मग बोलू."

दरीतल्या तांदळावर नागाचा पहारा होता. "कोणासाठी?" नागाने विचारले. "एका बाळासाठी, आणि एका म्हाताऱ्यासाठी." नाग बाजूला झाला. मामांनी त्याला नमस्कार केला आणि ओंजळी भरून घेतल्या.

"आता गुहेतल्या खजिन्यातून वाटी आणा," धूम्रकेश म्हणाला.

गुहेत सोन्याच्या वाट्या गोड आवाजात हाका मारत होत्या. ज्यांनी त्यांना हात लावला होता, ते सोन्याचे होऊन भिंतीशी उभे होते. साळुंकी म्हणाली, "गप्प बसलेली वाटी बघा." कोपऱ्यात काशाची एक वाटी होती, तिच्यात काड्या होत्या. "माझे घरटे आहे ते. पिल्ले उडाली आता. न्या."

"उपकार झाले, बाई," मामा म्हणाले.

"आता भात शिजवा," धूम्रकेश म्हणाला, "आणि माझ्यासमोर बसून खा."

मामांचा हात थांबला. त्या राज्यात मोठ्या घराण्यांतला प्रत्येक जण एकट्याने, पडद्याआड जेवत असे. दुसऱ्याचे जेवते तोंड कोणी पाहत नसे.

"ही आमची रीत नाही."

"ठाऊक आहे. याच रीतीपायी बाळाच्या आजोबांच्या दारात मी दिवसभर उपाशी बसलो. आत ताटे वाजत होती. बाहेर कोणी भुकेले आहे, हे पडद्यामुळे त्यांना दिसलेच नाही. मी म्हणालो, या घरच्या बाळालाही अन्न ओळखू येऊ नये."

साळुंकी म्हणाली, "मी तर पिल्लांसमोरच खाते. नाहीतर चोच कशासाठी असते, हे त्यांना कळायचे कसे?"

मामांनी भात शिजवला आणि ते त्याच्यासमोर मांडी घालून बसले. पहिला घास लाजेने घशात अडकला, दुसरा उतरला. म्हाताराही जेवला. त्याच्या बरगड्या भरून आल्या, आकाश दिसेनासे झाले.

"अन्नदाता सुखी भव," तो म्हणाला. "अर्धा शाप फिटला. उरलेला पडद्याच्या दोरीला अडकला आहे."

मामा वाड्यात परतले ते थेट भोजनगृहात गेले. त्यांनी पडदा ओढून खाली पाडला. आत महाराज शत्रुंजय जेवत होते.

"मामासाहेब! शुद्धीवर आहात ना?"

"भूक लागली आहे, महाराज. माझेही पान इथेच वाढायला सांगा."

राणी बाळाला घेऊन समोर बसल्या. महाराजांनी तोंडावर हात धरून घास घेतला.

"हात काढा," राणी म्हणाल्या. "बाळ पाहते आहे."

महाराजांचे कान लाल झाले. त्यांनी हात काढला. बाळाची नजर घासाबरोबर ताटातून ओठांपर्यंत गेली. मग त्याने मूठ पुढे केली.

काशाच्या वाटीत तूप घातलेला मऊ भात होता. मामांनी बोटभर भात बाळाच्या ओठांना लावला. भात भातच राहिला.

राणींनी आधी वाटीला हात जोडले, मग भावाला. "माझे काय त्यात," मामा म्हणाले, आणि त्यांनी खिडकीकडे बोट दाखवले. राणींनी साळुंकीलाही हात जोडले.

बाळराजांनी चार घास गिळले. पाचवा महाराजांच्या उपरण्यावर सांडला. वाटीत उरलेला भात साळुंकीने खाल्ला. पाडलेल्या पडद्याची बाळासाठी लाळेरी शिवली.