तासून काढलेला खंड्या

फार फार पूर्वी, गलबतं वाऱ्याच्या मर्जीनं चालत तेव्हा, एका खाडीच्या मुखाशी सुतारांचं गाव होतं.

समुद्रापलीकडे एक बेट होतं. परक्या खोक्यांच्या लाकडातून आलेल्या किड्यांनी तिथली जंगलं एकदा पोखरून टाकली. तेव्हा साऱ्या किनाऱ्यांच्या राजांनी मिळून नियम केला. माल भरायच्या खोक्यांचं लाकूड सोलायचं, गाभ्यापर्यंत तापवायचं आणि मगच त्यावर आपला ठसा डागायचा. कच्चं लाकूड समुद्र ओलांडणार नाही.

या गावचा ठसा होता खंड्या पक्षी. तो दिसला की बेटावरचे लोक खोकं तपासतही नसत. गावाला त्याचा फार अभिमान होता.

एकदा गलबत भरताना एक खोकं धक्क्यावर आपटलं आणि त्याची फळी फुटली. आत तांबटाची भांडी होती, त्याची वर्षभराची मेहनत. थोरल्या सुतारानं घाईनं दुसरी फळी ठोकली. लाकूड तापवायची भट्टी सांभाळणारी त्याची बायको शेजारीच उभी होती.

"ही फळी कुठली?"

"परवा तोडलेल्या फणसाची. तापवलेली उरली नाही. आणि ही एकच तर आहे."

"किड्याला एक पुरते."

"अगं, ठसा आहे ना खोक्यावर."

"तो शेजारच्या फळीवर. शेजाऱ्यानं आंघोळ केली म्हणून आपण स्वच्छ होतो का?"

हमाल हसले. गलबताचा तांडेल मात्र हसला नाही. "वहिनी, भरती उतरतेय. भट्टी पेटवायला आता वेळ नाही. आणि तिकडे कोण बघतंय?"

"तिकडे बघत नाहीत, म्हणूनच इथं बघायचं."

तांबट रडकुंडीला आला. "दादा, वारा फिरला की पुढच्या हंगामापर्यंत गलबत नाही. मी खाऊ काय?"

सुतार त्या कच्च्या फळीपाशी वाकला. मग त्यानं रंधा उचलला आणि स्वतःच्या हातानं डागलेला खंड्या तासून काढला.

"खोकं उतरवा," तो म्हणाला. "चूक माझी आहे. हंगाम येईपर्यंत तांबटाची चूल माझ्या घरातून पेटेल."

गलबत त्या खोक्याविना गेलं. तांबट सुताराच्या घरचं जेवत होता, पण त्याच्याशी बोलत नव्हता.

काही दिवसांनी फणसाच्या त्या फळीखाली पिवळा भुसा पडू लागला. मग बारीक भोकांतून एकामागून एक किडे बाहेर आले. सारा गाव बघायला जमला. तांबट वाकून बघत राहिला.

"हे माझ्या भांड्यांबरोबर गेले असते," तो हळूच म्हणाला. फळी त्यानंच भट्टीत टाकली.

पुढच्या हंगामात तेच खोकं, नीट तापवलेली फळी ठोकून आणि नवा खंड्या डागून, बेटावर पोहोचलं. तांडेलानं तिथं घडलेलं सगळं सांगितलं. बेटावरच्या म्हाताऱ्या पाटलानं तासलेल्या जागेवरून हात फिरवला.

"आजवर आम्ही यांचा ठसा ओळखत होतो," तो म्हणाला. "माणसं आज ओळखली."

ही गोष्ट गावात पोहोचली, त्या दिवशी थोरला सुतार मान ताठ करून धक्क्यावरून चालला. त्याच्या बरोबरीनं त्याची बायकोही.

तात्पर्य: चूक झाल्यावर आपला ठसा जो स्वतः पुसू शकतो, त्याच्याच ठशाला मान असतो.