आबांचा लाल पटका

“कावळा खाली कसा उतरवायचा, हे तू मला इचारतोस व्हय रं, रायाजी?”

देवळातल्या म्हाताऱ्या गोसाव्यानं, केवळनाथांनी, विझलेली चिलीम बाजूला ठेवली. भैरोबाच्या देवळाच्या ओट्यापाशी रायाजी उभा होता. नुकतंच मुंडण केलेलं डोकं, कमरेला ओला पंचा, आणि चेहऱ्यावर दुःखापेक्षा राग जास्त.

राग कावळ्यांवर होता.

खाली येरळा नदीच्या काठावर त्याच्या वडिलांचं, आबांचं, दहावं चाललं होतं. पिंड मांडून बराच वेळ झाला होता. शेजारी आबांच्या आवडीच्या वस्तू ठेवल्या होत्या. तंबाखूची चंची, गुळाचा खडा आणि त्यांचा लाल पटका. पलीकडच्या करंजावर कावळे दाटीवाटीनं बसले होते, पण पिंडाला शिवायला एकही उतरत नव्हता.

आणि पिंडाला कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. भावकी एकमेकांच्या कानाला लागली होती.

“सगळं बोलून झालं, बाबा. आईला अंतर देणार न्हाई म्हनलं. भनीचं माहेर तोडणार न्हाई म्हनलं. बागंची वाटणी भावाच्या मनासारखी करीन म्हनलं. आता काय ऱ्हायलं त्यांचं?”

“मग?”

“मग... शिट्टी वाजवली.”

“कसली शिट्टी?”

रायाजीनं पंच्याच्या गाठीतून बांबूची बोटभर कांडी काढली. आत पातळ पट्टी बसवलेली. फुंकली की जखमी कावळ्यासारखा आवाज निघायचा.

बापाच्या दहाव्याला कावळ्याची शिट्टी घेऊन येणारा दुसरा माणूस मी तरी ऐकलेला नाही.

“मग उतरले?”

“उठले. जवळच्या झाडावर होते, ते पार त्या करंजावर जाऊन बसले.”

केवळनाथ हसले नाहीत. ओट्यावरची धूळ त्यांनी हातानं झटकली.

“बस हितं. तू कावळे मारतोस कसा, ते सांग आधी.”

“आत्ता? बाबा, खाली पिंड...”

“खाली तुझ्याबिगर काय अडत न्हाई. सांग.”

रायाजी बसला. आणि काय सांगावं, बसल्या बसल्या त्याचा चेहरा खुलायला लागला. आसपासच्या गावांत त्याला कावळेमार म्हणत. पेरूच्या बागा पिकायला लागल्या की बागायतदार त्याला घरी न्यायला येत. कावळ्याचा शिकारी म्हटलं की लोकांना हसू येतं. त्यांनी एकदा बंदूक घेऊन बागेत बसून बघावं. हात नुसता बंदुकीकडे गेला तरी कावळा शेजारच्या शिवारात पोचलेला असतो.

“बंदूक साधीच, बावीसची. पण वर दुर्बीण हाय. नळी चमकती, म्हणून तिला काजळी फासायची. आडोसा बांधावर करायचा, ऊन पाठीवर घ्यायचं. म्हंजे डोळं त्यांचं दिपत्यात, आपलं न्हाई.”

“बरं.”

“नळी हातावर धरायची न्हाई. वाळूची पिशवी ठेवायची खाली. आन मोकळ्या आभाळात बार टाकायचा न्हाई, गोळी लांब जाती, कुणाला तरी लागंल. मागं बांध न्हाईतर मातीची ताल असली तरच घोडा वढायचा.”

“कुणाला लागू नये, याची काळजी घेतोस म्हण की.”

“घ्यायलाच पायजे.” टोमणा त्याला कळलाच नाही. “मग शिट्टी. आन एक फसवा कावळा. लाकडाचा केलाय मी, डांबर फासून. त्यो फांदीवर बसवायचा. दुसऱ्या कावळ्याला वाटतं, आपलाच कुणीतरी बसलाय, भ्यायचं कारण न्हाई.”

केवळनाथ ऐकत होते.

“आन पयला बार राखणदारावर. शेंड्यावर एक बसलेला असतोय बगा. बाकीचे खात्यात, ह्यो उपाशी राहून राखण करतोय. त्येला आधी पाडायचा. मग सांगणारं कुणी ऱ्हात न्हाई.”

“त्यो उपाशी असतो, हे तुला दुर्बिणीतनं दिसतं?”

“दिसतं की.”

 घाटावरून भावकीतल्या कुणाचं तरी खोकणं ऐकू आलं.

“एवढं असून अवघड काय?” केवळनाथांनी विचारलं.

“अवघड एकच. कावळा माणूस इसरत न्हाई. एकदा मारताना तुमाला बघितलं की झालं. मग गावात, रानात, कुटंबी दिसा, डोक्यावर कालवा करत्यात. पोरास्नी पण शिकवत्यात, ह्यो बघा त्यो.” रायाजी पुढे सरकला. सांगायची खरी गोष्ट आता आली होती. “मी घरच्या बागंत आडोसा केला, तर आत शिरायच्या आधी समदे पसार. लुगडं नेसून बसलो. उपयोग न्हाई. घोंगडं घेऊन बसलो. त्ये बी न्हाई. मग डोकं चालवलं.”

“काय केलंस?”

“आबा रोज सकाळी बांधावरच्या दगडावर बसून त्यास्नी भाकरी कुस्करून घालायचे. माझ्या जल्माच्या आधीपासनं. कावळे त्यांच्या पायापाशी यायचे, बाबा, कोंबड्यासारखे.”

“मग?”

“आबा दुपारी निजले की पटका खुंटीला असायचा. मी त्यो बांधायचा, शेमला तोंडावर घ्यायचा. त्यांच्या दगडावर त्यांच्यासारखं वाकून बसायचं. भाकरीचा तुकडा टाकायचा... की आलेच. बंदूक घोंगड्याखाली. पार पायापाशी यायचे. दुर्बीण सुदीक लागायची न्हाई.”

तो हसला. मग केवळनाथांकडे बघून त्याचं हसणं बंद झालं.

म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. चिलमीकडे गेलेला हात तिथंच राहिला होता.

“बाबा?”

“आबाला हे ठावं व्हतं?”

“न्हाई. कानानं ऐकू कमी यायचं त्यास्नी. मेलेले कावळे मी वढ्याला पुरायचो.”

“कवापासनं केलंस?”

“दिवाळीपासनं. पेरू धरल्यापासनं.”

केवळनाथांनी डोळे मिटले.  रायाजीला वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं की काय...

“आबा आला व्हता माझ्याकडं,” शेवटी ते म्हणाले. “संक्रांतीच्या सुमाराला. हितंच बसला व्हता, तू बसलायस तितं.”

“कशाला?”

“पटका काढून डोकं दाखवलं त्यानं मला. चोचींनी फोडलं व्हतं.”

रायाजीचं तोंड उघडं राहिलं.

“मला म्हनला, बाबा, ज्यास्नी जल्मभर घास घातला, ते अंगावर येत्यात. मी दारात दिसलो की मारायला उठत्यात. टाकलेली भाकरी तशीच ऱ्हाती. माझं काय चुकलं?”

“तुमी काय सांगितलं?”

“काय सांगणार? मला तरी कुटं ठावं व्हतं?” केवळनाथांचा आवाज फुटला. “म्हनलं, म्हातारपण हाय, काय तरी पूर्वीचं पाप असंल, सोसावं. पाप म्हनलो मी त्येला... त्येला! त्यो मान हलवून गेला.”

हे सांगताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते त्यांनी पुसलंही नाही.

रायाजी हातातल्या शिट्टीकडे बघत होता.

“एक सांग,” केवळनाथ म्हणाले. “कावळ्याला घास टाकल्याबिगर आबा जेवायचा?”

“न्हाई. कवाच न्हाई. कावळ्यानं उचलला, की मग स्वतः...”

वाक्य अर्धंच राहिलं.

“डॉक्टर म्हनले, वयानं भूक मेलीय,” रायाजी हळूच बोलला. “आई ताट घिऊन बसायची. ते दाराकडं बघत ऱ्हायचे. म्हनायचे, आदी त्यास्नी जेवू द्या. आमाला वाटलं, भ्रमिष्ट झाले. मी... मी एकदा वरडलो बी त्यांच्यावर.”

 कावळे त्यानं पुष्कळ मारले होते आणि एकाचंही वाईट वाटून घेतलं नव्हतं. बापाला कोणी मारलं, हे मात्र त्याला आता कळलं, तेही स्वतःच्याच तोंडून. असा धक्का वैऱ्यालाही बसू नये.

तेवढ्यात घाटावरून भटजींनी हाक मारली.

“रायाजीराव, ऊन चढलं. किती वाट बघायची? दर्भाचा कावळा करतो आणि शिववतो पिंडाला. शास्त्रात सोय आहे तशी!”

भावकीनं सुटकेचा श्वास सोडला. पंचे झटकून माणसं उठू लागली. रायाजीही उठला. बुडत्याला काठ दिसावा तसं त्यानं केवळनाथांकडे पाहिलं.

“करू दे का, बाबा? दर्भाचा?”

“आनखी एक फसवा कावळा?”

रायाजी खाली बसला. दोन्ही हातांनी त्यानं ते गुळगुळीत डोकं धरलं.

“मग मी काय करू? काय करू मी, बाबा? कुणाला सांगू?”

केवळनाथ काठी टेकत उठले आणि घाटाच्या पायऱ्या उतरू लागले. रायाजी मागोमाग गेला. पिंडाजवळ येऊन म्हाताऱ्यानं वाकून आबांचा लाल पटका उचलला.

“बाबा, ते मयताचं...” भटजी पुढे झाले.

“गप.”

केवळनाथांनी पटका रायाजीच्या डोक्याला गुंडाळला. शेमला तोंडावर ओढून घेतला. वाळूत बसलेली माणसं दचकून उठली. क्षणभर सगळ्यांना आबाच उभे दिसले. रायाजीची चुलती मोठ्यानं रडायला लागली.

करंजावर गलका उठला. इतका वेळ गप्प बसलेले कावळे एकदम ओरडू लागले.

“शिट्टी वाजीव.”

रायाजीनं शेमल्याखाली शिट्टी धरली. फुंकर नीट येत नव्हती, तरी वाजली. कावळे झाडावरून उठले आणि डोक्यावर घिरट्या घालू लागले. दुसऱ्या झाडांवरचेही आले. भावकी मागे सरली.

“बंदूक धरतोस तसे हात धर.”

रायाजीनं हात धरले. डावा पुढे, उजवा गालापाशी, बोट वाकवलेलं.  त्या हातांत काहीही नव्हतं.

“आता तोंड दाखीव त्यास्नी.”

“बाबा...”

“एवढंच ऱ्हायलंय.”

रायाजीनं तसाच एक हात वर धरला आणि दुसऱ्या हातानं शेमला ओढला. पटका सुटत सुटत खांद्यावर आला. मग तो त्यानं घडी करून पिंडापाशी ठेवला आणि पुन्हा सरळ उभा राहिला. उघडं डोकं, उघडं तोंड.

“आबा न्हवं,” तो वर बघून म्हणाला. “मी. मी व्हतो.”

गलका थांबला. एवढे कावळे वर आणि आवाज म्हणून नाही. 

मग एक कावळा सरळ खाली आला आणि रायाजीच्या डोक्यावर चोच मारून गेला.

रक्त आलं. कुणीतरी काठी घेऊन धावलं. केवळनाथांनी त्याला हातानंच अडवलं. दुसरा आला. तिसरा आला. रायाजीनं हात उचलला नाही, मान खाली घातली नाही. डोळे मात्र मिटले, कारण रक्त त्यात उतरत होतं. तो पोरासारखा रडत होता आणि रडताना आबांना हाका मारत होता.

तेवढ्यात बाजूला पंखांची फडफड झाली.

वाळूवर भाताची शितं उडाली. एक थोराड कावळा पिंडावर बसला, घाईनं चोच भरून घेतली, पटक्यावरून एक पाऊल टाकलं आणि नदी ओलांडून गेला. भटजी मंत्र विसरले. 

रायाजी चाचपडत गुडघ्यांवर बसला. त्याला काही दिसत नव्हतं.

“बाबा... फडफड झाली. शिवला का?”

केवळनाथांनी धोतराच्या सोग्यानं त्याच्या कपाळावरचं रक्त टिपलं.

“शिवला,” ते म्हणाले. “पण आधी तुला.”