ठिपकीचं रक्त

"आणि एकही बाटली बोलली नाही, तर?" दस्तगीर बाबांनी विचारलं.

"असं होत नाही, बाबा," डॉ. हेमांगी टिळेकर म्हणाल्या.

मानमोडीच्या साथीत खालच्या पाच गावांत कोंबडी म्हणून उरली नव्हती. टेकडीवरच्या दर्ग्यातल्या मात्र सगळ्या जगल्या. लोक नवसाला त्या सोडून जात, बाबा दाणे टाकत. रोगाशी झुंजायचं बळ कोंबडीच्या वाणात असतं. ते वाण रक्तावरून ओळखण्यात बाईंची अकरा वर्षं गेली होती.

पेटीत बारा बाटल्या होत्या. प्रत्येकीत एकेका वाणाला ओळखणारी प्रतिपिंडं. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात बाटलीतला थेंब मिसळायचा. वाण जुळला, की नासल्या दुधासारखं रक्त फुटून त्याचे दाणे होत. आपल्याला न ओळखू येणारी कोंबडी अजून अंड्यातून बाहेर यायची आहे, असं बाईंनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

दुपारपर्यंत तसंच झालं. बाबा कोंबडी धरून देत, बाई पंखाखालच्या शिरेतून थेंब काढत, रक्त फुटे, वहीत नोंद होई.

शेवटी ठिपकी आली. कोणी धरली नाही, आपणच चालत आली. सुई टोचली तरी हलली नाही.

बारा थेंब, बारा बाटल्या.

रक्त तसंच राहिलं... लाल, गुळगुळीत.

बाईंनी पुन्हा करून पाहिलं. दुसरीच्या रक्तावर बाटल्या तपासल्या. बाटल्या ठीक होत्या.

"ही कोणी सोडली?"

"सोडताना कोणी दिसलं नाही."

"कधीची आहे?"

"माझ्या उस्तादांच्या वेळीही होती."

कोंबडी इतकी वर्षं जगत नाही, हे बाईंनी त्यांना समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं.

मग बाईंनी ठिपकीला प्रयोगशाळेत नेण्याची परवानगी मागितली. तिचं रक्त दुसऱ्या कोंबडीला टोचायचं. त्या कोंबडीचं अंग ते परकं मानेल, त्याच्याविरुद्ध उठेल, आणि त्यातून तेरावी बाटली तयार होईल.

"परकं आहे, हे अंगाला कोण सांगतं?"

"कोणी नाही. अंगालाच कळतं. थोडा वेळ लागतो."

"...न्या मग."

बाईंनी ठिपकीला काखेत घेतलं आणि त्या उठल्या.

अंगणातलं उकरणं थांबलं. सगळ्या माना वर झाल्या. भिंतीवरच्या, कडुनिंबावरच्या, मजारीच्या पायरीवरच्या कोंबड्या खाली उतरल्या आणि बाईंच्या पायांशी येऊन उभ्या राहू लागल्या. अंगाला अंग लावून. एकीनंही आवाज केला नाही.

पाऊल टाकायला जागा उरली नाही. काखेतल्या ठिपकीनं डोळे मिटले होते.

"बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांना हाकला."

बाबा जागचे उठले नाहीत.

"हलू नका, बेटी. परकं कोण, ते अजून त्यांचं ठरायचंय."