न मोडलेल्या घड्या

फार फार वर्षांमागची गोष्ट. इतकी जुनी, की त्या मुलखावर कोणता राजा राज्य करत होता, हे त्याच्या पणतवंडांनाही सांगता यायचं नाही. तेव्हा राजाला आपण महालात सुखानं बसू देऊ आणि नदीकाठच्या विणकरांच्या गावात जाऊ.

त्या गावात सटवोजी नावाचा विणकर राहायचा. त्याच्यासारखा काठ विणणारा पंचक्रोशीत नव्हता, आणि त्याच्यासारखा हात आखडून खर्च करणाराही नव्हता. त्याच्या घरी पणतीची वात करंगळीच्या नखाएवढी असायची. टोपलीतला डागी आंबा आधी खायचा, हा घरचा नियम. त्यामुळे चांगला आंबा उद्यावर राहायचा, आणि उद्या त्यालाही डाग पडायचा. उन्हाळाभर आंबे खाऊनही त्या घरात चांगल्या आंब्याची चव कुणाला ठाऊक नव्हती.

गावातले लोक हसायचे. सटवोजीची बायको ठकू मात्र हसायची नाही. सटवोजी लहान असताना त्याच्या बापानं थोरल्या लेकाच्या लग्नात पाच गावं जेवू घातली होती. ऋण काढून सण म्हणतात तसा तो थाट. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. घरानं चिंचोके उकडून खाल्ले आणि त्यात सटवोजीची धाकटी बहीण गेली. त्या दिवसापासून सटवोजीनं मूठ मिटली ती मिटलीच.

पुढं त्याची लेक मैना दोन वर्षांची असताना पुन्हा दुष्काळ आला. शेजारच्या घरांतली दोन लेकरं दगावली. सटवोजीची धान्याची कणगी भरलेली होती, म्हणून मैना वाचली.

"ज्या कणगीनं माझी लेक जगवली, तिला मी नावं ठेवू कशी?" ठकू म्हणायची. आणि ते खरंच होतं.

मैना मोठी झाली, तिचं लग्न झालं आणि ती नदीपलीकडं, दोन दिवसांच्या वाटेवरच्या गावी नांदायला गेली. त्या दिवसापासून ठकूच्या जिवाला एकच ओढ लागली. लेक एकदा माहेरी यावी. महिना नको, पंधरा दिवस नकोत, आठ दिवस तरी तिनं या घरात लोळावं, उशिरा उठावं, हे खायला कर नि ते खायला कर म्हणून हट्ट करावा.

आता त्या विणकरांची एक रीत होती, ती सांगितली पाहिजे. चैत्रात गौर माहेरी येते, तशा गावच्या लेकीही यायच्या. पण लेक आपण होऊन यायची नाही. तिला आणायला माहेरचं माणूस जायचं, त्याला मुराळी म्हणत. मुराळ्याच्या हाती बापाच्या मागावर विणलेलं कोरं वस्त्र असायचं. मुराळ्यानं आणलेलं ते वस्त्र लेक अंगावर घालायची, म्हणजे त्याची घडी मोडायची, आणि मगच सासरचा उंबरा ओलांडायची. तिच्याआधी ती घडी कुणी उलगडायची नाही. उलगडली तर लेकीचं माहेर तुटतं, असं म्हातारी माणसं सांगत.

पहिल्या चैत्राला सटवोजीनं वर्षभराचं उरलंसुरलं रेशीम जमवून मैनेसाठी शालू विणला. डाळिंबी रंग आणि काठाला जर. ठकूनं तो नुसता डोळ्यांनी पाहिला आणि तिचे डोळे भरून आले.

"मग कधी निघतोय मुराळी?" तिनं विचारलं.

सटवोजीनं शालूवरून हात फिरवला. "शालूसंगं काय काय लागतं, ठाऊक आहे ना? गाडी-बैल आले. विहीणबाईंना लुगडं आलं. पोर परत जाताना लाडू-करंज्यांच्या टोपल्या आल्या. लेकीला आणायचं तर नावाला साजेसं आणावं. औंदा राहू दे. पुढच्या साली बघू."

शालू पेटीत गेला. ठकूनं चैत्रगौर मांडली, आंब्याची डाळ केली आणि शेजारणींच्या लेकींना हळदीकुंकू लावलं. त्यांच्या बांगड्यांची किणकिण ऐकवेना, तेव्हा ती हंडा घेऊन नदीवर गेली. हंड्यात पाणी होतंच, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या साली सटवोजीनं दुसरा शालू विणला, हिरवा. तिसऱ्या साली जांभळा. एकेक पेटीत जात राहिला. तुम्ही म्हणाल, माणूस निष्ठुर होता. तसं नव्हतं हो. दिवसाकाठी एकदा तरी तो पेटीवर हात ठेवून म्हणायचा, "माझ्या मैनेचं आहे हे सगळं." तो लेकीसाठीच राखत होता. सगळे शालू एकदम न्यायचे, वाजतगाजत लेकीला आणायची आणि चार गावांनी बघत राहायचं, असं त्याच्या मनात होतं. त्या एका दिवसासाठी तो बाकीचे दिवस मागं टाकत होता.

दोन्ही गावांत बांगड्या भरायला एकच कासारीण जायची. ठकू तिच्या वाटेवर डोळे लावून बसायची.

पहिल्या वर्षी कासारीण म्हणाली, "तुमची लेक चैत्र लागला की सांजेला वेशीपर्यंत जाते. वाट बघते आणि परत फिरते."

तिसऱ्या वर्षी म्हणाली, "विचारत होती, आबांचा माग चालतो ना? घरात कुणी आजारी तर नाही ना?"

पाचव्या वर्षी म्हणाली, "वेशीकडं जात नाही आता. पण तुमच्याकडून आले म्हटल्यावर माझा हात धरून बसली. सोडवेना तिला."

दर वेळी ठकू घरी येऊन नवऱ्याला सांगायची. दर वेळी तो मागावरचा धोटा हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "एक बरं साल येऊ दे, ठकू." आणि खरं सांगायचं तर सालं बरी येत होती. कणगीला दुसरी कणगी लागली होती. फक्त पुरेसं कधी होतं, हे सटवोजीला कुणी शिकवलं नव्हतं.

आठव्या वर्षी कासारीण आली, बांगड्या भरल्या आणि जायला उठली.

"अगं, मैना काय म्हणाली?" ठकूनं विचारलं.

कासारणीनं टोपली सावरली. "काय सांगू, ठकूबाई? बरी आहे. बांगड्या भरून घेतल्या, पाणी दिलं. औंदा तिनं माहेरचं काहीच विचारलं नाही."

ठकू ओसरीवर बसून राहिली. इतकी वर्षं लेक झुरते हे ऐकून तिला वाईट वाटायचं. पण लेक आता वाटसुद्धा बघत नाही, हे त्याहून वाईट होतं. ती उठली आणि मागापाशी जाऊन उभी राहिली.

"अवो, धोटा ठेवा खाली," ती म्हणाली. "पोरीनं आपली आस सोडली. आता तरी काढा ते शालू."

तिचा आवाज असा सटवोजीनं कधी ऐकला नव्हता. तो उठला, पण पेटी उघडताना त्याची छाती फुगली होती. "बघ तर खरं," तो म्हणाला. "आठ आहेत, आठ! असं माहेर कुणी केलं नसेल."

त्यानं सगळ्यात खालचा, डाळिंबी शालू उचलला. शालू घडीवर तुटला. वाळलेलं पान मोडावं तसा रेषेवर चिरत गेला, आणि त्याच्या हातात तुकडे राहिले. हिरवा तसाच गेला. जांभळा तसाच. वरचे तेवढे धड होते, पण त्यांच्याही घडीघडीवर काळे चरे उमटले होते आणि जर विझून गेली होती.

हा तोच सटवोजी, जो गिऱ्हाइकाला शालू देताना दर वेळी बजावायचा, "सहा महिन्यांनी उलगडा, वारा द्या, घडी बदला. रेशीम एकाच घडीत कुजतं." सगळ्या मुलखाला सांगितलं, आणि घरात विसरला? विसरला नव्हता. पण ती घडी मैनेनं मोडायची होती. दुसऱ्या कुणी उलगडली तर तिचं माहेर तुटेल, या भीतीनं त्यानं आठ वर्षं पेटीतल्या शालूंना वारा लागू दिला नाही.

सटवोजी तुकड्यांत बसून लहान पोरासारखा रडला. मग एकदम उठला. "विकून टाकतो! दोन्ही कणग्या विकतो, माग विकतो. पालखी करतो, वाजंत्री लावतो. उद्याच्या उद्या आणतो लेकीला!"

"आणि परवा काय खायचं? चिंचोके?" ठकू म्हणाली. "आठ वर्षं मूठ उघडली नाही, आता हातच तोडून द्यायला निघालात. मागावर काय आहे ते कापा."

मागावर बाजारासाठी विणलेलं साधं सुती लुगडं होतं. सटवोजीनं ते कापलं. ठकूनं चार भाकरी, कांदा आणि पसाभर भाजके शेंगदाणे बांधून घेतले. गाडी नाही, बैल नाहीत. मुराळी म्हणून बापच निघाला, आणि मागोमाग आईही. दोन दिवसांची वाट दोन दिवसांत सरली. इतकंच अंतर होतं ते.

मैना अंगणात ताक घुसळत होती. दोन लेकरं रवीपाशी बसली होती. आईबापांना बघून तिनं दोर सोडला, पण पहिल्यांदा ती हसलीही नाही आणि रडलीही नाही. नुसती बघत राहिली. मग ठकूच्या गळ्यात पडली.

पाणी झालं, गूळ झाला. मैनेनं ताकावरचं लोणी काढलं. आधी दोन्ही लेकरांच्या तळव्यांवर एकेक गोळा ठेवला आणि मग उरलेलं कढवायला चुलीवर चढवलं.

सटवोजीला राहवलं नाही. "सगळंच कढवलं असतंस, तर तूप जास्त झालं असतं, पोरी."

"झालं असतं, आबा," मैना म्हणाली. "पण लोण्याची हौस तुपानं भागत नाही. आणि सगळंच लोणी खाऊन टाकलं, तर सणाला तूप कुठलं? म्हणून थोडं हातावर, थोडं चुलीवर."

सटवोजीनं मान खाली घातली. मग लुगडं पुढं केलं. "मैना, तुला न्यायला आलोय."

मैनेनं लुगडं घेतलं, छातीशी धरलं. आतल्या खोलीतून कुणीतरी खोकलं. ती म्हणाली, "आता कशी येऊ, आबा? सासरे अंथरुणाला खिळलेत. म्हैस दुभती आहे. लेकरं ही अशी. सासूबाई होत्या तोवर दर चैत्राला म्हणायच्या, 'येऊ दे तुझा मुराळी, मी बघते घर.' त्या मागल्या पौषात गेल्या. हे दिवसभर रानात असतात. आता माझ्यामागं घराकडं बघायला कुणी नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सटवोजीला बरं वाटलं असतं.

ठकूनं पदर खोचला. "मग मी इथंच बघते," ती म्हणाली. "आजचा दिवस तू माहेरी आहेस असं समज. नेस ते लुगडं."

मैनेनं सुती लुगड्याची घडी मोडली आणि नेसली. सटवोजीनं म्हशीला पाणी दाखवलं, व्याह्याचे पाय चेपले. ठकूनं आंब्याची डाळ वाटली, लेकीला समोर बसवून वाढली, नको नको म्हणताना आणखी वाढली. दुपारी मैना आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि बघता बघता झोपली. किती दिवसांची ती झोप होती कुणास ठाऊक. ठकूच्या पायाला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही. लेकीच्या केसांतून हात फिरवताना तिला वाटलं, अशा किती दुपारी आपल्या घरात नुसत्या पडून होत्या, आणि आपण त्या कुणालाच दिल्या नाहीत.

उन्हं उतरली. आतून सासऱ्यांनी हाक मारली आणि मैना दचकून उठली. "आले, मामंजी," म्हणत ती केस बांधत आत गेली.

त्यानंतर सटवोजीनं कणगी रिकामी ठेवली असं नाही. पण आलेल्या धान्यातला एक वाटा तो दर साली मोकळ्या हातानं घरावर खर्च करू लागला. टोपलीतला आंबा चांगला असतानाच खाल्ला जाऊ लागला. दर चैत्रात तो आणि ठकू साधंसं वस्त्र घेऊन लेकीकडं जात आणि दोन दिवस तिचं घर सांभाळत. सगळं झालं, पण बापाच्या घरी येऊन आठ दिवस लोळणं मैनेच्या नशिबी कधीच आलं नाही. दर वेळी निघताना ठकू वेशीपाशी वळून बघायची. मैना लेकराला कडेवर घेऊन दारात उभी असायची, आणि चुलीवरचं उतू जाईल म्हणून त्यांच्याआधी तिलाच आत वळावं लागायचं.

म्हणून सांगणं एवढंच: उद्यासाठी धान्य जरूर राखावं, पण आपल्या माणसाला आज द्यायचं ते आजच द्यावं, कारण दिवस कणगीत भरून ठेवता येत नाहीत.