ओरडणारं बेअरिंग

कपडे दोरीवर वाळेपर्यंत थांबायला माणसांना सवड उरली नाही, तेव्हाची ही गोष्ट. सुलभाताईंच्या ड्रायरच्या तळाशी एक बेअरिंग होतं आणि त्याच्या डोक्यावर रबराचा वायसर. पाणी खाली उतरू द्यायचं नाही, एवढंच वायसरचं काम. दिसायला तुकतुकीत, पण चिरलेला. थेंब थेंब पाणी बेअरिंगवर पडायचं. ते गंजत चाललं आणि फिरताना किंचाळू लागलं.

"दादा, तुझी चीर दाखव ना त्यांना. माझा जीव चाललाय रे!"

"दाखवली तर मला फेकतील," वायसर म्हणाला. "तू ओरडू नकोस म्हणजे झालं."

ताईंनी मशीनखाली गोधडी घातली. तरी आवाज थांबेना, तेव्हा करीमभाई मिस्त्री आले. वायसरने चीर ओठांसारखी मिटून धरली. मिस्त्रींनी बेअरिंग फिरवून पाहिलं. "हेच ओरडतंय, ताई." त्यांनी ते काढून भंगाराच्या पिशवीत टाकलं, नवं बसवलं आणि पाणी सोडून मशीन चालवली.

पिशवीतून जुन्याला सगळं ऐकू येत होतं.

"दादा," नवं हळूच म्हणालं, "डोक्यावर पाणी पडतंय."

"पडू दे. तुझ्याआधीचं फार बोलायचं. ते बघ, पिशवीत आहे."

नवं गप्प झालं.

"बघा ताई," मिस्त्री खुशीत म्हणाले, "आवाजच नाही!"