न गळणारी टाकी

भातशेतीच्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. सांगितलेली गोष्ट तो कधीही विसरत नसे. विसरला असता, तर पुष्कळ बरे झाले असते.

त्याचे मामा दौलतराव हे गावचे मिस्त्री. त्यांनी बांधलेली पाण्याची टाकी तिसऱ्याच वर्षी गळू लागली आणि बायकांवर मैलभरावरच्या ओढ्यावरून पाणी आणण्याची वेळ आली. जाता-येता द्वारकाकाकू ऐकवीत, "मिस्त्री, टाकी बांधलीत की चाळण?" मिस्त्रींना अन्न गोड लागेना. अखेर गावाने नवी टाकी बांधायचे ठरवले आणि त्यांना बजावले, "हीही बिघडली, तर थापी कायमची खाली ठेवा."

ही टाकी नातवंडांच्या नातवंडांना पुरेल, असा मिस्त्रींनी निश्चय केला. केरबाला त्यांनी हाताशी घेतले. बहिणीचा मुलगा; नाही कसे म्हणणार?

"हे बघ, केरबा. सिमेंट भाजणाऱ्या भट्ट्या धूर फार ओकतात. म्हणून सिमेंट कमी वापरायचं. तीन घमेली सिमेंट, एक घमेलं भाताच्या तुसाची बारीक राख. धूरही वाचतो आणि काम चिवट होतं. कळलं?"

"कळलं, मामा."

दुपारी कामावरच्या सहा गड्यांच्या भाकऱ्या करण्याचे काम केरबाकडे आले. त्याने तीन मापे पीठ घेतले आणि एक माप राख घेतली. पहिल्याच घासाला सहाही गडी थुंकत उठले.

"केरबा, हे काय केलंस?"

"चिवट नाही झाल्या, मामा?"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अरे, पिठात असलं काही मिसळू नये! ते झाकावं, कोरडं ठेवावं, पाण्याचा थेंब लागू देऊ नये. कळलं?"

"कळलं, मामा."

दुसऱ्या दिवशी टाकीची पहिली भिंत ओतून झाली. ती केरबावर सोपवून मिस्त्री राख आणायला भातगिरणीवर गेले. केरबाने भिंतीवर कोरडी चादर घातली. पाण्याचा थेंब लागू दिला नाही. चौथ्या दिवशी मिस्त्री परतले, तो भिंतीला वरपासून खालपर्यंत भेगा पडलेल्या.

"अरे, पाणी का नाही मारलंस?"

"पाणी? मी तर पहाटेचं दवसुद्धा उपरण्यानं पुसून काढलं, मामा!"

भिंत फोडावी लागली. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "सिमेंटला तहान लागते, केरबा. त्याला ओल्या गोणपाटात गुंडाळायचं आणि दिवसातून चार वेळा भिजवायचं. कळलं?"

"कळलं, मामा."

त्यानंतर सिमेंटची वीस पोती आली. मिस्त्री खडी पाहायला खाणीवर गेले होते. केरबाने वीसही पोत्यांना ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि दिवसातून चार वेळा भिजवले. मिस्त्री आले, तेव्हा वीस पोत्यांच्या वीस शिळा झाल्या होत्या.

"पाहा, मामा," केरबा अभिमानाने म्हणाला, "एकालाही भेग नाही."

गावाने कुरकुरत पुन्हा सिमेंट आणून दिले. या वेळी मिस्त्रींनी केरबाला कशालाही हात लावू दिला नाही. चारही भिंती स्वतः ओतल्या. पंधरा दिवस स्वतः पाणी मारले. फळ्या काढल्यावर हातोडीने भिंती ठोकून पाहिल्या. आवाज खणखणीत आला. एका कोपऱ्यात मात्र तो बद्द आला.

"इथे आत पोकळी राहिली," मिस्त्री म्हणाले. "पोकळी राहिली की पाणी झिरपतं, आतली सळई गंजते आणि टाकी आयुष्यातून उठते."

आता केवळ तोटी आणायची उरली होती. केरबाला तालुक्याला धाडण्याचे धैर्य मिस्त्रींना झाले नाही. ते स्वतः निघाले. निघताना एवढेच म्हणाले, "तेवढी पोकळी भरून घे. ठासून भर. काही शिल्लक ठेवू नकोस."

"कळलं, मामा."

केरबाने कोपरा उत्तम भरला. मग शिडीवर चढून त्याने सहज टाकीत डोकावून पाहिले आणि त्याला घामच फुटला. एवढी मोठी पोकळी मामांच्या नजरेतून सुटली कशी?

त्याने सहाही गड्यांना हाक मारली. टाकीपुढे नंतर बांधायच्या ओट्यासाठी ठेवलेले सिमेंट, राख, वाळू, खडी, सगळे बाहेर काढवले.

"केरबा, नक्की ना?" एका गड्याने विचारले.

"मामांचा शब्द आहे. ठासून भरा."

तिसऱ्या दिवशी मिस्त्री तोटी घेऊन आले. हंडे-कळश्या घेऊन सारे गाव जमले. मिस्त्रींनी चारही बाजूंनी हातोडी मारली. जिकडेतिकडे खणखण. त्यांचे डोळे भरून आले.

"मिस्त्री, जिंकलात हो!" असे म्हणत द्वारकाकाकू पहिला हंडा घेऊन शिडी चढल्या आणि त्यांनी तो ओतला. सारे पाणी जसेच्या तसे मिस्त्रींच्या डोक्यावर आले.

"अहो," काकू वरून ओरडल्या, "यात पाणी भरायचं तरी कुठे?"

केरबाला त्यांच्या अज्ञानाची कीव आली. "कमाल करता, काकू! पाण्याला जागा ठेवली असती, तर तेवढी पोकळी राहिली नसती का?"